अकाली गेलेल्या मुलाची आठवण जपताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

मोठे माणूस जाते तेव्हा त्याच्या मागे कागदपत्रे, पत्रव्यवहार, नोकरीतले सहकारी आणि नातवंडांना सांगून झालेल्या गोष्टी राहतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामागे अर्धवट भरलेल्या वह्या, कुलूपबंद मोबाइल, मित्रांच्या फोनमधले फोटो आणि क्लासच्या पायऱ्यांवर झालेल्या गप्पा राहतात. यातले बरेचसे घराबाहेर असते, आई-वडिलांना नावानेही माहीत नसलेल्या मुलामुलींकडे असते, आणि वर्षभरात पांगून जाते. म्हणूनच या वयाच्या मुलाची आठवण जपण्याचे काम स्मृतिचिन्ह कोणते करावे या प्रश्नापासून सुरू करू नये. जे आधी नाहीसे होणार आहे ते आधी राखावे, आणि जे थांबू शकते ते निर्धास्तपणे पुढे ढकलावे. पारितोषिक, स्मरणिका, झाड, वाचनालयातले कपाट ही सगळी थांबू शकणारी कामे आहेत, पण शोकाच्या पहिल्या लाटेत बहुतेक कुटुंबे त्यांच्याच मागे लागतात आणि मोबाइल नंबर मात्र बंद पडून जातो.

पहिले काही आठवडे: काही टाकायचे नाही, काही ठरवायचे नाही

या काळात आई-वडिलांनी काहीही करण्याची अपेक्षा ठेवू नये. मामा, आत्या, मोठे चुलत भावंड किंवा जवळचा कौटुंबिक मित्र अशा एकाच विश्वासू व्यक्तीकडे हे काम सोपवावे. तिच्याकडे पहिल्या महिन्यात तीन जबाबदाऱ्या असतात: मोबाइल चार्ज करून बंद न पडू देणे, खोलीतली कोणतीही वस्तू बाहेर जाऊ न देणे आणि शाळेशी बोलणे.

तेराव्यानंतर कपडे देऊन टाकण्याची रीत अनेक घरांत आहे आणि ती पाळण्यात गैर काहीच नाही, मात्र देण्याआधी एक पेटी बाजूला काढावी. तिच्यात काय ठेवायचे हे भावंडांना विचारावे, कारण मोठ्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनातला नवा कुर्ता महत्त्वाचा वाटतो, तर धाकट्या बहिणीला कॉलर विटलेला, रोज घरी घातला जाणारा टी-शर्ट हवा असतो. दहावीच्या शेवटच्या दिवशी मित्रांनी सह्या केलेला गणवेशाचा शर्ट असेल तर तो धुऊ नये, कारण काही पेनांची शाई पहिल्याच धुण्यात जाते.

शाळेशी बोलायचे ते वस्तूंसाठी. प्रयोगवह्या, चित्रकलेच्या परीक्षेची चित्रे, हस्तलिखित अंकातला लेख, वक्तृत्व स्पर्धेचे चित्रीकरण, वार्षिक अंकासाठी दिलेले पण न छापलेले साहित्य, हे सारे वर्षाअखेर रद्दीत किंवा पुसलेल्या मेमरी कार्डात जाते. मुख्याध्यापकांना एक साधे लेखी पत्र द्यावे आणि वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटावे. पत्राने परवानगी मिळते, पण वस्तू शोधून देतात ते वर्गशिक्षक किंवा शाळेतले शिपाईकाका.

मोबाइल आणि नंबर

येथे मुदती खऱ्याखुऱ्या असतात. भारतात अठरा वर्षांखालील व्यक्तीला स्वतःच्या नावावर सिमकार्ड मिळत नाही, त्यामुळे मुलाचा नंबर बहुधा आई किंवा वडिलांच्याच नावावर असतो आणि तो चालू ठेवणे त्यांच्या हातात असते. प्रीपेड नंबर सुमारे ९० दिवस वापरला गेला नाही तर बंद होऊ शकतो, आणि काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. एकदा नंबर गेला की ईमेल, फोटोंचा साठा आणि समाजमाध्यमे यांचे ओटीपी येण्याची वाट बंद होते. म्हणून सर्वांत स्वस्त रिचार्ज करत राहावे आणि निदान एक वर्ष नंबर सोडू नये. व्हॉट्सअॅपचे खाते १२० दिवस निष्क्रिय राहिल्यास कंपनी ते काढून टाकते, आणि गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते आतल्या फोटोंसह हटवले जाऊ शकते.

फोनचे कुलूप कोणालाच माहीत नसेल तर घाईने तो दुरुस्तीच्या दुकानात नेऊ नये. ‘पॅटर्न तोडून देतो’ असे सांगितले जाते तेव्हा पुष्कळदा फोन पूर्ण रीसेट केला जातो, आणि त्यात आतला सगळा साठा पुसला जातो. अंदाजाने पुन्हा पुन्हा आकडे टाकणेही धोक्याचे आहे. त्यापेक्षा आधी जिवलग मित्रमैत्रिणींना विचारावे, कारण या वयात एकमेकांचे पासवर्ड ठाऊक असणे अगदी नेहमीचे असते. घरातल्या संगणकावर गूगल खाते आधीपासून उघडे आहे का तेही पाहावे, कारण फोटो तिथूनच उतरवून घेता येतात.

फोन उघडला तर फोटो, चित्रफिती, आवाजाचे संदेश आणि टिपणे यांच्या प्रती काढाव्यात. खासगी संवाद मात्र वाचू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात दुसऱ्या बाजूला जिवंत मुले असतात, आणि त्यांनी जे लिहिले ते आपल्या मित्रासाठी लिहिलेले असते. मृत्यूच्या कारणाचा पोलीस तपास चालू असेल तर गोष्ट वेगळी आहे. त्या वेळी फोनला हात न लावता तो तपास अधिकाऱ्यांकडे द्यावा, पोचपावती घ्यावी आणि तपास संपल्यावर तो परत मागावा.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मृत व्यक्तीचे खाते स्मृतिखाते करण्याची सोय आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला किंवा तत्सम पुरावा द्यावा लागतो. मात्र एकदा खाते स्मृतिखाते झाले की त्यात कोणालाही प्रवेश करता येत नाही, त्यामुळे प्रती आधी काढाव्यात आणि अर्ज नंतर करावा. वाढदिवसाला त्या खात्यावरून स्वतःच पोस्ट टाकण्याचा मोह टाळावा, कारण मित्रांच्या फोनवर अचानक ते नाव झळकले की त्यांना धसका बसतो.

कागद, फोटो, आवाज

वह्यांमधल्या टाचण्या, स्टेपलच्या पिना आणि रबरबँड काढून टाकावेत. पिना गंजतात आणि रबर वितळून कागदाला चिकटते, कोकणात आणि मुंबईत तर फारच लवकर. जपून राहील या समजुतीने चित्रे व पत्रे लॅमिनेट करून घेतली जातात, पण ते प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही आणि उष्णतेने काही रंग उडतात. आम्लरहित कागदी फोल्डर मिळाला तर उत्तम, नाहीतर स्वच्छ, कोरे, न छापलेले कागद मध्ये घालून वह्या आडव्या ठेवाव्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू नये. माळ्यावर आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात वाळवी, कसर आणि ओल यांचा धोका सर्वाधिक असतो.

छापील फोटो ३०० डीपीआयवर (दर इंचातल्या ठिपक्यांची संख्या) आणि पासपोर्ट आकाराचे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावेत. मित्रांकडून फोटो घेताना ते व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे न मागवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत, कारण फोटो म्हणून पाठवल्यास ते दाबून लहान केले जातात आणि पुढे छापताना पुरत नाहीत. प्रत्येक फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि पाठवणाऱ्याचे नाव घालावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण दहा वर्षांनी ‘हा मागे उभा आहे तो कोण?’ याचे उत्तर त्याच नावात सापडते. संपूर्ण साठ्याच्या तीन प्रती असाव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या गावात ठेवावी.

आवाज सर्वांत आधी हरवतो. घरातल्या सगळ्यांनी आपापल्या फोनमधले त्याचे आवाजाचे संदेश शोधावेत, आणि ‘आई, मी पाच मिनिटांत पोचतो’ एवढाच मजकूर असला तरी तो पुसू नये.

मित्रमैत्रिणींकडे जाणे

या सगळ्या कामाचा गाभा येथे आहे आणि तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो. दहावीनंतर मुले वेगवेगळ्या महाविद्यालयांत जातात, काही लातूरला किंवा पुण्याला क्लाससाठी राहतात, बारावीनंतर तर गावेच बदलतात. म्हणून पहिले दोन-तीन महिने सोडून, पण शैक्षणिक वर्ष संपण्याच्या आत त्यांच्याशी बोलणे व्हावे.

हे बोलणे आई-वडिलांनी करू नये. त्यांच्यासमोर मुले रडतात किंवा गप्प होतात, आणि बोललीच तर फक्त चांगले बोलतात. बैठकीच्या खोलीत, हार घातलेल्या फोटोसमोर तर ती अवघडून जातात. मावशी, काका किंवा मुलांचा विश्वास असलेल्या शिक्षिकेने त्यांना मैदानावर, शाळेच्या कट्ट्यावर, नेहमीच्या वडापावच्या गाडीजवळ भेटावे. एकेकट्याला गाठण्यापेक्षा दोघा-तिघांना एकत्र बसवावे, म्हणजे ती एकमेकांना दुरुस्त करतात आणि ‘नाही रे, तेव्हा पाऊस होता’ अशा वाक्यांतून खरा प्रसंग वर येतो. मुले अल्पवयीन असल्याने त्यांच्या पालकांना आधी कळवावे, आणि ध्वनिमुद्रण करायचे असेल तर दोघांचीही परवानगी घ्यावी.

‘त्याच्याबद्दल काहीतरी लिहून दे’ असे सांगितले की सगळ्यांकडून एकच निबंध येतो: तो हुशार होता, मनमिळाऊ होता, सर्वांना मदत करायचा. दोष मुलांचा नाही. शाळेने त्यांना व्यक्तिचित्र असेच लिहायला शिकवलेले असते. त्यामुळे प्रश्न बारीक आणि ठोस विचारावेत. डब्यात काय आणायचा आणि कोणाच्या डब्यात हात घालायचा? तुला कोणत्या नावाने हाक मारायचा? तुमचे कशावरून भांडण झाले आणि आधी कोण बोलले? वर्गाबाहेर उभे राहण्याची पाळी कधी आली? कोणत्या विषयाची भीती वाटायची? पुढे काय व्हायचे म्हणत होता, आणि ते खरेच म्हणत होता की घरच्यांना सांगण्यापुरते? या उत्तरांतून जो मुलगा दिसतो तो आई-वडिलांना थोडा अनोळखी वाटतो. काहींना त्याचा त्रास होतो. बहुतेकांना मात्र मूल नव्याने भेटल्यासारखे वाटते, आणि त्यासाठीच हा सारा खटाटोप करायचा.

भांडणे, खोड्या, नापास झालेली चाचणी हे सगळे लिहून घ्यावे. पुढे गाळायचे तर गाळता येते, पण न विचारलेले परत मिळत नाही. ज्या मुलाशी शेवटी अबोला होता त्यालाही विचारावे, मात्र अतिशय हळुवारपणे, कारण तो अबोला त्याच्या मनात अडकून राहिलेला असतो. एखादे मूल झोपत नसेल, शाळा टाळत असेल, स्वतःला दोष देत असेल, तर आठवणींचे काम बाजूला ठेवून त्याच्या पालकांना सांगावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

काय प्रसिद्ध करायचे आणि काय नाही

रोजनिशी सापडली तर पहिला प्रश्न ती वाचावी का हा असतो आणि दुसरा ती छापावी का हा. नाझींपासून लपून राहताना रोजनिशी लिहिणाऱ्या अॅन फ्रँक या ज्यू मुलीचे उदाहरण येथे उपयोगी आहे. १९४५ च्या सुरुवातीला बर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत, वयाच्या पंधराव्या वर्षी ती गेली. तिची पाने लपण्याच्या काळात तिच्या कुटुंबाला मदत करणाऱ्या मीप गीस यांनी न वाचता जपून ठेवली होती आणि युद्धानंतर ती तिच्या वडिलांच्या हाती दिली. ओटो फ्रँक यांनी १९४७ मध्ये ती प्रसिद्ध करताना अॅनने आईबद्दल लिहिलेला काही कठोर मजकूर आणि स्वतःच्या शरीराबद्दलचा काही भाग वगळला. पुढे, १९८० मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर, संपूर्ण मजकूर अभ्यासकांपुढे आला. यातून घ्यायची ती कृती अशी की छापताना वगळावे, पण मूळ वही फाडू नये, तिच्यातली वाक्ये खोडू नयेत आणि ती जाळू नये. शिवाय अॅनने स्वतःच आपल्या नोंदी प्रकाशनासाठी पुन्हा लिहायला घेतल्या होत्या. आपल्या मुलाने तसे काही म्हटले नसेल, तर रोजनिशीतला मजकूर न छापणे हीच सर्वसाधारण वाट असावी.

मृत्यू लैंगिक अत्याचाराशी संबंधित असेल तर कायद्याची बाजू आधी समजून घ्यावी. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २३ नुसार अशा बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करता येत नाही, आणि २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई मृत पीडितांनाही लागू असल्याचे सांगितले आहे. कुटुंबाची संमती तेवढ्याने पुरेशी होत नाही. अशा वेळी नाव घालून फलक, पारितोषिक किंवा पुस्तिका करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

मुलाने आत्महत्या केली असेल तर त्याची आठवण लपवू नये. शाळेने इतर विद्यार्थ्याच्या निधनानंतर जे केले असते तेच करावे, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर यांचा उल्लेख कुठेही नसावा, ‘सुटला’ किंवा ‘शांत झाला’ अशी भाषा नसावी, आणि त्या जागी फलक वा कायमची सजावट करू नये. त्या वयाची दुसरी दुःखी मुले हे सारे वाचत आणि पाहत असतात.

स्मरणिका

वर्षश्राद्धाला स्मरणिका प्रसिद्ध करण्याची घाई करू नये. दुसऱ्या वर्षी केलेली स्मरणिका बहुधा जास्त मोकळी होते.

मजकूर लावताना एक मोह फार जोराचा असतो, तो म्हणजे सगळे शेवटच्या दिवसाभोवती गुंफण्याचा. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता आठवावा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तो गेला आणि त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. महाराष्ट्रभर शिरीषकुमार आठवला जातो तो त्या एका दिवसासाठी, आणि उरलेली चार नावे नंदुरबारबाहेर क्वचितच घेतली जातात. हुतात्म्याच्या बाबतीत तो दिवसच इतिहास असतो. रस्त्यावरच्या अपघातात किंवा डेंग्यूने गेलेल्या मुलाच्या शेवटच्या दिवसाला मात्र असा कोणताही अर्थ नसतो. त्या दिवसाला तीन-चार ओळी पुरतात. उरलेली पाने त्याआधीच्या पंधरा वर्षांची असावीत.

सुरुवात आजीच्या किंवा आईच्या तोंडून आलेल्या लहानपणाने करावी, मध्यभागी मित्रांचे प्रसंग त्यांच्याच बोलीत ठेवावेत आणि मुलाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले पान जसेच्या तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसह छापावे. मान्यवरांचे शोकसंदेश शक्यतो नकोतच. ज्यांनी मुलाला कधी पाहिलेही नाही अशांच्या संदेशांनी पहिली आठ पाने भरलेल्या पुस्तिका मी पाहिल्या आहेत, आणि त्या कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून घ्यावा. छापखान्यात तो जुन्या फाँटमध्ये रूपांतरित केला तर रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि जोडाक्षरे बिघडतात, म्हणून रूपांतरानंतरचे मुद्रित पुन्हा अक्षरन् अक्षर तपासावे, आणि मित्रांची नावे त्या त्या मुलाकडूनच तपासून घ्यावीत. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात, त्यामुळे ३२ किंवा ४८ पाने सोयीची पडतात. मजकुराला साधा मॅपलिथो कागद चालतो, तर फोटोंची पाने एकत्र करून आर्ट पेपरवर घेतल्यास खर्च आटोक्यात राहतो. शंभर-दीडशे प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते.

पारितोषिक, झाड आणि इतर कायमस्वरूपी गोष्टी

शाळेत ठेव ठेवून व्याजातून पारितोषिक देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे, पण तिचा हिशोब कठोरपणे करावा. पन्नास हजारांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३,२५० रुपये मिळतात. वीस वर्षांनी रक्कम साधारण तेवढीच राहते आणि तिची किंमत मात्र उतरलेली असते. अनेक शाळांच्या फलकांवर आजही पन्नास-शंभर रुपयांची पारितोषिके आहेत, आणि त्यामागचे नाव कोणाचे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यापेक्षा दहा वर्षांसाठी ठरलेले, दरवर्षी कुटुंबाने स्वतः जाऊन दिलेले पारितोषिक मला बरे वाटते. निकष गुणांचा नसला तरी चालतो. मूल कबड्डीच्या सरावानंतर मैदान झाडायला थांबत असेल तर पारितोषिकही तशाच एखाद्या मुलाला जावे, आणि देताना ती हकिकत सांगावी.

स्वतंत्र ट्रस्ट काढण्याआधी थांबावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणी, दरवर्षीचे हिशोब आणि विश्वस्त बदलाचे अहवाल हे सगळे मागे लागते. आयकराच्या नोंदण्या त्याखेरीज असतात. बहुतेक कुटुंबांनी आधीपासून चालत असलेल्या विश्वासू संस्थेकडे ठरावीक कामासाठी रक्कम द्यावी आणि पावती घ्यावी. लोकांकडून वर्गणी गोळा झाली असेल तर जमाखर्च लेखी कळवावा, रक्कम कितीही लहान असो.

झाड लावायचे असेल तर पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचे नाव आधी ठरवावे. मूल एप्रिल-मेमध्ये जन्मलेले असेल तर ताम्हण किंवा बहावा लावावा, म्हणजे वाढदिवसाच्या सुमारास तो फुलावर असतो.

तारखा, भावंडे आणि साठ्याचा वारस

पुण्यतिथीची सगळ्यांना आठवण असते. अवघड जातात ते न सांगता येणारे दिवस: त्याच्या वर्गाचा दहावीचा निकाल, मित्रांचा निरोप समारंभ, राखीपौर्णिमा, भाऊबीज. असे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर खुणावावेत आणि त्या दिवशी घरी कोण येईल हे ठरवावे.

धाकट्या भावंडावर ‘आता तूच आमचे सर्व काही’ हे ओझे टाकू नये. त्याला दादाची सायकल, खोली किंवा वह्या वापरायच्या असतील तर वापरू द्याव्यात, आणि नको असतील तर आग्रह करू नये. त्याचा स्वतःचा वाढदिवस त्या वर्षी रद्द होऊ देऊ नये.

शेवटी, गोळा केलेल्या सगळ्याची एक यादी करावी: काय आहे, कोणाकडून आले, कुठे ठेवले आहे, कोणी काय उघड करू नये असे सांगितले आहे. यादीवर कुटुंबातल्या पुढच्या पिढीतील एका व्यक्तीचे नाव सांभाळणारी म्हणून लिहावे. पाच वर्षांनी हार्ड डिस्क बदलून साठा नवीन डिस्कवर घ्यावा आणि त्याच सुमारास मित्रांना पुन्हा एकदा निरोप धाडावा. तोवर ती विशी ओलांडलेली असतात, जुने फोन साफ करताना त्यांना फोटो सापडलेले असतात, आणि सोळाव्या वर्षी जे सांगता आले नव्हते त्यातले काही ती आता आपणहून सांगतात. त्यासाठी यादीत जागा मोकळी ठेवावी.